डावा मागचा खांब

८ जानेवारी १९९४, शनिवार

निघाली! बावीस वर्षांनी गाडी गोठ्याबाहेर निघाली! वायनोने ट्रॅक्टर जोडला, चाकांखाली लाकडं ओढायची जुनी घसरगाडी सरकवली आणि कंबरभर बर्फात खणलेल्या वाटेने तिला रस्ता ओलांडून स्वतःच्या शेडमध्ये नेलं. मी मागून फावडं घेऊन ओरडतेय — "हळू! अरे हळू!" मध्येच मागचा दरवाजा गळून पडला. वायनो खाली उतरला, दरवाजा काखोटीला मारला, परत ट्रॅक्टरवर चढला. तोंडातून चकार शब्द नाही. चाळीस वर्षं हा माणूस माझ्या समोरच्या घरात राहतोय. एवढ्या वर्षांत तो जेवढं बोलला तेवढं शेजारची लेम्पी एका कपभर कॉफीत बोलते.

सत्तेचाळीस सालची स्टेशन वॅगन. पुढून लोखंड, मागून सगळं लाकूड — मेपलचा सांगाडा आणि त्यात तांबूस फळ्या. आधी तळ्याकाठच्या हॉटेलची होती, स्टेशनवरून पाहुणे आणायची. मग माझ्या नवऱ्याने, रूडीने घेतली. आमची लेक जॉइस गाडीच्याच मागच्या सीटवर मोठी झाली. पुढे लाकूड कुजायला लागलं तेव्हा रूडीने ती गोठ्यात लावली — "पुढच्या उन्हाळ्यात नीट करतो!" असे सोळा उन्हाळे गेले आणि मग रूडीच गेला. त्यालाही सहा वर्षं झाली.

नाताळात जॉइसला शब्द देऊन बसलेय. गाडी नीट झाली की घर विकायचं आणि ॲरिझोनाला तिच्याकडे जायचं. "पण लौकर गं आई. अडुसष्ट वर्षांची बाई एकटी बर्फ उपसते, बरं दिसतं का?" म्हणे बरं दिसतं का! मिशिगनच्या या वरच्या टोकाला सगळेच उपसतात. वायनो एकाहत्तरचा आहे, तो माझाही उपसतो.

लेम्पी खिडकीतून सगळी मिरवणूक बघत होती. लगेच फोन. "अगं ताइमी, एवढा खटाटोप कशाला? फोडून सौनाच्या भट्टीत घाल! दोन शनिवारची वाफेची अंघोळ निघेल." आणि स्वतःच हसली. मेली.

१९ जानेवारी

आम्हा फिनिश लोकांचा हेक्कीचा दिवस. आज गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे हिवाळा अर्धा सरला. बाहेर शून्याच्या खाली चोवीस. अस्वलाला म्हणावं, झोप बाई, इतक्यात उठू नकोस.

५ फेब्रुवारी

रोज सकाळी नऊला शेडमध्ये जाते. भट्टी पेटलेली असते, कॉफी मी नेते. वायनो एकेक लाकूड सोडवतो, मी त्याच्यावर खडूने लिहिते — "उजवी पुढची फळी", "छताची तिसरी पट्टी". शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं डब्यांवर नावं घातली, ती सवय कामाला आली. जुना तुकडा म्हणजे साचा. तो नव्या मेपलवर ठेवायचा, कडेने पेन्सिल फिरवायची, कापायचं. कुजका असला तरी जपायचा. आकार त्याच्यातच आहे.

आज मागचे दोन खांब काढले. दरवाजाही त्यांच्यावर आणि छताचा भारही त्यांच्यावर. दोन्ही बाजूंनी वळलेले, सरळ रेष औषधालाही नाही. उजव्याला हात लावला तर भुगाच झाला. डावा मात्र शाबूत निघाला! उंदरांनी कुरतडलेला, काळा पडलेला, पण अख्खा. त्यावरून डावा करायचा आणि उलटा धरून उजवाही. वायनोने तो उजेडात फिरवून फिरवून बघितला. "चांगला आहे," म्हणाला. दोन शब्द! मी लगेच खडूने लिहिलं — "डावा मागचा".

नवीन तुकडा झाला की वायनो त्याच्या आतल्या अंगाला पेन्सिलने तारीख घालतो. होड्या बांधायचा तेव्हापासूनची सवय. "कुणाला दिसणार ती?" मी विचारलं. "मला माहीत असते," म्हणाला.

१९ फेब्रुवारी

उजवा मागचा खांब झाला! असा बसला की सांध्यात कागद सरकणार नाही. मी टाळ्या वाजवल्या. वायनोने टोपी काढून परत घातली. त्याच्या मानाने तो नाचलाच म्हणायचं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

सौना झाली. रूडी गेल्यापासून दर शनिवारी भट्टी मी तापवते आणि लाकूड वायनो पुरवतो. शेडमधले तुकडे, ढलप्या खोक्यात भरून शुक्रवारी माझ्या पायरीवर ठेवून जातो. आधी मी आणि लेम्पी, मग तो. मग तिघांची कॉफी आणि पुल्ला, म्हणजे आमचा वेलचीचा गोड पाव. आज खोकं भरगच्च होतं, भट्टीवरचे दगड नुसते फुलले. पाणी टाकलं तर लेम्पी वरच्या फळीवरून खाली आली! "जीव घेतेस का गं!" तिने पुल्ल्याचे चार तुकडे खाल्ले, जीव गेलेली बाई.

२८ फेब्रुवारी

घात झाला.

सकाळी वायनो डाव्या खांबाला हात घालणार होता. भिंतीकडे गेला, बाकाखाली बघितलं, उभा राहिला. "तो खांब दिसत नाही," म्हणाला.

शुक्रवारी शेड मी झाडली होती. जमिनीवरचं सगळं मीच खोक्यात भरलं होतं — वायनो म्हणत होता, राहू दे. आणि शनिवारी ते खोकं मीच भट्टीत उपडं केलं. लाकूड न बघता! गप्पा मारत!

नव्या उजव्या खांबावरून डावा करता येईल का, विचारलं. वायनोने मान हलवली. "दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. उजवा करताना मी अर्धा अंदाज घेतला." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. काळी गार कॉफी पीत बसलो दोघं. सत्तेचाळीस वर्षं टिकलेला खांब मी अंघोळीसाठी जाळला. रूडी असता तर जन्मभर ऐकवलं असतं.

१ मार्च

लेम्पीला सांगितलं. म्हणते, "तरीच वाफेला मोटारीचा वास येत होता!" काही वास येत नव्हता. पुल्ला करपला.

४ मार्च

शुक्रवारचं खोकं आलं. प्रत्येक तुकडा हातात घेऊन रस्त्यापलीकडे गेले आणि विचारून आले, हा जाळू का? सव्वीस तुकडे, सव्वीस वेळा "हो". पुढच्या शुक्रवारी खोकं घेऊनच जाईन.

९ एप्रिल

वायनोने अंदाजाने खांब केला. बोटभर तोकडा! छताला पोचेचना. वायनोचा तुकडा तोकडा? ज्याने पन्नास वर्षं होड्या बांधल्या आणि एकीतही थेंब शिरला नाही?  मी कुठल्या तोंडाने बोलणार?

छत खचू नये म्हणून डाव्या बाजूला माझ्या केरसुणीचा दांडा टेकू म्हणून लावलाय. गाडी ऐटीत आहे आणि काखेत केरसुणी.

१४ मे

बर्फ गेला, चिखल आला, डास आले. आमचे तिन्ही ऋतू एकाच आठवड्यात.

बाकी काम झपाझप चाललंय. फळ्या बसल्या. वॉर्निशचा चौथा हात झाला — वॉर्निश मी लावते, वायनोच्या हाताला घाई नाही पण माझ्या हाताला लय आहे, असं तो म्हणाला. (हे त्याने खरंच म्हटलं! तारीख घालून ठेवते.) हात सुकला की पॉलिश पेपरने घासायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा. दहा हात देणार. मेपल असं उजळलंय की त्यात तोंड दिसतं, आणि या वयात ते काही फार सुखाचं नाही.

दुसरा खांब झाला. याची उंची बरोबर, पण वळण उलटं. वायनो नुसता बघत राहिला. "चुकलं," म्हणाला.

मला काळजी वाटते.

२ जून

त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे मासे आणायला जाऊ म्हणून गाडीत बसवलं आणि दवाखान्यासमोर थांबवलं. डॉक्टरीणबाई तपासून बाहेर आल्या. "यांचे डोळे? झाडावरच्या पाखराची नखं मोजतील हे!" वायनो येताना खिडकीबाहेर बघत होता. "मासे?" एवढंच म्हणाला. घेतले मासे.

मग घोडं पेंड कुठे खातंय? डोळे नाहीत तर डोकं? त्याच्या आईचं शेवटी तसंच झालं होतं, मुलाला ओळखायची नाही. मी गेल्यावर याच्याकडे कोण बघणार? लेम्पी? ती बोलून बोलूनच मारेल त्याला.

१८ जून

विस्कॉन्सिनला जाऊन आले! एकटी, चार तास जाताना, चार तास येताना. तिथे एका गृहस्थाकडे अगदी अशीच वॅगन आहे, पत्र लिहून परवानगी काढली होती. पुठ्ठा घेऊन गेले आणि त्याच्या डाव्या खांबाचा आकार रेषेला रेष उतरवून आणला. भला माणूस, चीज दिलं. म्हणाला, "कधी विकायची झाली तर आधी मला सांगा."

पुठ्ठा वायनोच्या हातात दिला तेव्हा वाटलं उडी मारेल. त्याने तो उलटा केला, सुलटा केला. म्हणतो, "दुसऱ्याचा जोडा आपल्या पायात बसत नाही."

"तू घालून तर बघ!" मी तडकलेच. आठ तास गाडी हाकली होती!

२५ जून

मध्य-उन्हाळ्याचा सण. गावच्या मिरवणुकीत आपली गाडी पुढे असेल असं मी जानेवारीत सगळ्यांना सांगून बसले होते. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मिरवणूक गेली, आम्ही पायीच गेलो. तळ्याकाठी होळी पेटली. लेम्पीने ज्वाळांकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "ताइमी, आज काय आणलंस जाळायला?" सगळे हसले. मीही हसले.

वायनो हसला नाही. लेम्पीला म्हणाला, "पुरे आता." आणि मला कॉफी आणून दिली. त्याचा चेहरा का पडला होता, कोण जाणे. जाळलं मी आणि चटका याला!

२३ जुलै

तिसरा खांब. पुठ्ठ्याप्रमाणे, उंची बरोबर, वळण बरोबर — आणि नेमकी सांध्याच्या जागी लाकडात गाठ! ठोकला की तडकणार. शाळकरी पोरही असलं लाकूड निवडणार नाही.

"गाठ दिसली नाही तुला?"

"नाही दिसली."

पाखराची नखं दिसतात, गाठ दिसत नाही!

घरी येऊन रडले. खांबासाठी नाही, वायनोसाठी. आणि थोडं स्वतःसाठी. सकाळी नऊला कॉफी घेऊन रस्ता ओलांडायचा, हे ॲरिझोनात कुठून येणार? तिथे म्हणे रस्ते एवढे तापतात की लोक अंगणातही गाडीने जातात. बाराही महिने सौना, आणि बाहेर पडून उडी मारायला तळं नाही.

१३ ऑगस्ट

जॉइसचा फोन. खोली रंगवून झाली. पडदे कुठल्या रंगाचे हवेत? "आई, खरं सांग, एका लाकडासाठी अडून बसलीस का?" मी म्हटलं हो. "मग तसाच दे ना तो डबा कुणाला! मी महत्त्वाची की गाडी?"

पिवळे चालतील, म्हणाले.

२० ऑगस्ट, शनिवार

ठरवलं. सौनानंतर वायनोला सांगून टाकलं — मी बारा सप्टेंबरला निघतेय. खांब झाला तर ठीक, नाही झाला तर गाडी विस्कॉन्सिनच्या माणसाला अशीच देऊन टाकू, केरसुणीसकट. तू दमलास. तुझ्या मागे मी उगाच लकडा लावलाय. चूक माझी, शिक्षा तुला.

"बरं," म्हणाला. कॉफी अर्धी ठेवून उठला. चाळीस वर्षांत वायनोने कॉफी अर्धी ठेवलेली मी पाहिली नव्हती.

लेम्पी माझ्याकडे बघत बसली. "तू हुशार आहेस असं मला आजवर वाटायचं," म्हणाली. तिचं काय मनावर घ्यायचं!

२७ ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवते.

वायनो कालपासून चुलतभावाकडे मासेमारीला गेलाय. मी ब्लूबेरीला निघाले, बादल्या कमी पडल्या. त्याच्या लाकूडघराच्या माळ्यावर बादल्या असतात, मला माहीत आहे. शिडी चढले. बादल्यांच्या मागे, गाईच्या खाद्याच्या पोत्यात, दोरीने नीट बांधलेलं लांबट काहीतरी.

सोडलं. खांब होता. जुना, काळा, उंदरांनी कुरतडलेला. त्यावर माझ्या अक्षरात खडूने — "डावा मागचा".

जाळला नव्हता! मी जाळलाच नव्हता!

आणि त्याला कुशीत घेतल्यासारखा दुसरा खांब. नवा मेपल, तेल चोळून चोळून मऊ केलेला. आतल्या अंगाला पेन्सिलने तारीख — ९ मार्च. मी सव्वीस तुकडे घेऊन रस्ता ओलांडला त्यानंतर पाच दिवसांनी!

माळ्यावरून कशी उतरले देव जाणे. शेडमध्ये गेले, केरसुणी काढली, नवा खांब लावला. तळहाताने एकदाच थोपटलं. टक्! सांध्यात कागद सरकणार नाही. गाडी पुरी झाली. सगळीच्या सगळी, खिडकीतलं ऊन अंगावर घेऊन, रूडीने आणली त्या दिवशी होती तशी.

मी आत जाऊन बसले आणि इतकी संतापले की हॉर्न वाजवला. सहा महिने! सहा महिने मी स्वतःच्या भट्टीकडे बघितलं की तोंड फिरवत होते. पुल्ला करपवला. आठ तास गाडी हाकली. गावासमोर हसं झालं. त्याला वेड लागतंय म्हणून रडले! आणि हा मूग गिळून बसला! आठवून आठवून बघितलं, तू जाळलास असं तो एकदाही म्हणाला नव्हता. "तो खांब दिसत नाही," एवढंच. कसा दिसेल? पोत्यात होता ना! पण माझा गैरसमज एका शब्दाने दूर केला असता, तर? तो एक शब्द काही त्याला सुचला नाही. लबाड! म्हातारा लबाड!

होड्या बांधणाऱ्याने मुद्दाम गाठीचं लाकूड निवडायचं. केवढं जिवावर आलं असेल त्याच्या.

मग हसू आलं. मग दोन्ही एकदमच आलं. कधी नव्हे ते कुणी, मी जाऊ नये म्हणून, स्वतःचं काम बिघडवलं होतं.

खांब काढला. केरसुणी परत लावली. पोतं होतं तसंच बांधलं, गाठसुद्धा तशीच मारली. ब्लूबेरी राहिल्या.

२८ ऑगस्ट

वायनो आला. मोठा मासा आणला, स्वतः साफ करून दिला.  मी ताकास तूर लागू दिली नाही. एकदा तोंडापर्यंत आलं होतं — पण त्याने आधीच माझ्या पायरीची सैल झालेली फळी ठोकायला घेतली. जाणाऱ्या बाईची पायरी कुणी ठोकतं का?

१ सप्टेंबर

जॉइसने विमानाचं विचारलं. रविवारी सांगते म्हटलं.

३ सप्टेंबर, शनिवार

वायनो सकाळी खांब घेऊन आला. "झाला," म्हणाला. "आता तू जायला मोकळी." खाली बघून.

खांब हातात घेतला — पोत्यातलाच. तारखेच्या जागी ताजा रंधा मारलेला. मी तिथे बोट ठेवलं.

"इथे केसभर जास्त निघालंय. सैल बसेल. परत कर."

त्याने माझ्या बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला.

"अख्खा हिवाळा जाईल," म्हणाला.

"जाऊ दे."

जॉइसला फोन केला — गाडी व्हायची आहे अजून. संध्याकाळी खोक्यातली लाकडं न विचारता भट्टीत घातली.